नोकरी सोडून या, मग बघू! : संसारी माणसाने सेमिनरी करायची तरी कशी?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपल्या प्रत्येक मंडळीचा आहे.

दरवर्षी मे-जून आला की हा प्रश्न कुठून ना कुठून येतोच: "नोकरी सांभाळून बी.डी. किंवा बी.टीएच. करता येईल का हो?" विचारणारा विशीतला नसतो, तो पस्तीस-चाळीस-पन्नाशीतला असतो. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, कुणी मिशन हॉस्पिटलमध्ये सिस्टर, कुणी एसटीत कंडक्टर, कुणी बँकेत, कुणी एमआयडीसीत शिफ्टला. त्यांना बहुतेक वेळा मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: "पाचारण खरं असेल तर नोकरी सोडा आणि या."

ऐकायला हे फार आध्यात्मिक वाटतं. माझ्या मते ते बऱ्याचदा सोयीस्कर असतं. ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याला काही करावं लागत नाही, आणि विचारणारा आपल्यातच विश्वास कमी म्हणून मान खाली घालून परत जातो.

आधी हे लोक कोण आहेत ते बघू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्यालाही थोडे कमी. त्यातले बरेचसे मुंबई, वसई, ठाणे, पुण्यात. उरलेले नगर, जालना, मिरज, नाशिक, विदर्भ असे विखुरलेले, त्यातही खेड्यापाड्यात दहा-वीस घरांच्या मंडळ्या. अशा ठिकाणी एका पाळकसाहेबांकडे एकच गाव असतं असं नाही. ते महिन्यातून एखाद्या रविवारी येतात, प्रभुभोजन देतात, बाप्तिस्मा असेल तर देतात आणि पुढच्या गावाला जातात. मग बाकीच्या रविवारी संदेश कोण देतं? गुरुवारची प्रार्थनासभा कोण घेतं? आजाऱ्याच्या उशाशी रात्री कोण जातं? मयतीच्या घरी पहिले चार शब्द कोण बोलतं?

हेच लोक. तोच शिक्षक, तीच सिस्टर. सेवा त्यांची आधीच चालू आहे. त्यांना पदवी मिरवायला नको असते, दर रविवारी जे बोलावं लागतं ते नीट शिकून बोलायचं असतं. इयोबाच्या पुस्तकावर बोलताना समोर नुकताच मुलगा गेलेली आई बसलेली असते. अशा वेळी चुकीचं वाक्य किती खोल जखम करतं, हे ज्याने पाहिलंय त्याला शिक्षणाची किंमत कळते.

आता नेहमीचा रस्ता बघा. सेरामपूर पद्धतीची बी.डी. म्हणजे पदवीधराला साधारण चार वर्षं, पूर्ण वेळ, कॅम्पसवर राहून. त्यात जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, ग्रीक किंवा हिब्रू. प्रवेशासाठी मंडळीची शिफारस लागते. पास झाल्यावर काही काळ उमेदवारी आणि मग दीक्षा. बावीस वर्षांच्या अविवाहित मुलासाठी ही चांगली व्यवस्था आहे. माझा तिच्यावर राग नाही. त्यातून चांगले पाळक तयार झाले आहेत आणि होतायत.

पण चाळीस वर्षांच्या माणसाचा हिशोब मांडा. चार वर्षांचा पगार गेला. प्रॉव्हिडंट फंडाची भर थांबली. घराचा हप्ता थांबत नाही. मुलगी दहावीला, आईला डायलिसिस. आणि चार वर्षांनी हातात काय? नेमणूक होईलच याची खात्री नाही, आणि झालीच तर मंडळी देऊ शकेल तेवढं मानधन. ज्या मंडळ्या आहेत त्या पाळकांचा पगार वेळेवर देताना मेटाकुटीला येतात, त्यांनी या माणसाला "सगळं सोडून ये" म्हणावं, हे मला पटत नाही. सोडणाऱ्याने सोडलं तर ते त्याचं मोठेपण. पण सोडायला लावणाऱ्या संस्थेला त्या सोडण्याची जबाबदारी घेता येत नसेल, तर तिने निदान अट तरी घालू नये.

"पण सेवा म्हणजे पूर्ण वेळच!" असं म्हणणाऱ्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय पुन्हा उघडावा. पौल करिंथला गेला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला, कारण तिघांचा धंदा एकच, राहुट्या करण्याचा. दिवसा हाताने काम, शब्बाथाला सभास्थानात वाद. त्याच अध्यायात पुढे अपुल्लोस येतो, विद्वान, फर्डा वक्ता. त्याचं शिकणं कुठं अपुरं आहे हे ओळखून त्याला घरी नेऊन नीट समजावून कोण सांगतं? हेच राहुट्या शिवणारं जोडपं. म्हणजे कामकरी माणसं नुसती शिकत नव्हती, शिकलेल्याला शिकवत होती. आणि त्यात एक बाई होती, हेही विसरू नका.

दुसरं उदाहरण तर आपल्या डिग्रीच्या कागदावरच आहे. भारतातल्या ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे सेरामपूर. कॉलेज १८१८ चं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद दिली, १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने त्यासाठी कायदा केला. संस्थापकांमधला विल्यम केरी कोण होता? इंग्लंडमधल्या एका खेड्यात जोडे शिवणारा माणूस. मोल्टनला तो जोडे शिवायचा, शाळा चालवायचा आणि छोट्या बॅप्टिस्ट मंडळीचा पाळकही होता, कारण नुसत्या पाळकपणावर घर चालत नव्हतं. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून त्याने कधी चढली नाही. बंगालमध्ये आल्यावर काही वर्षं नीळ कारखान्याचा व्यवस्थापक. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायची नोकरी, आणि त्या पगारातला मोठा भाग मिशनच्या कामाला.

तिथे तो बंगाली आणि संस्कृतसोबत मराठीही शिकवायचा. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. पंडित वैजनाथ यांची मदत त्याला होती. म्हणजे बघा, आयुष्यभर नोकरी करत सेवा केलेल्या आणि मराठीवर एवढी मेहनत घेतलेल्या माणसाने उभ्या केलेल्या परंपरेत, आज मराठी बोलणाऱ्या नोकरदार माणसाला शिकायला सगळ्यात जास्त अडचण. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

तिसरं उदाहरण आपल्या केडगावचं. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनसारखं प्रचंड घर चालवत असताना, दुष्काळातल्या शेकडो मुलीबायकांच्या पोटापाण्याचं बघत असताना, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. कोणत्या सेमिनरीच्या वसतिगृहात बसून नाही, कामाच्या रगाड्यात. सगळेच रमाबाई नसतात हे मान्य. पण "काम करताना खोल अभ्यास होतच नाही" हे वाक्य महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये.

बरं, वेगळी व्यवस्था जगात कुणी केलीच नाही असंही नाही. १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने साधी गोष्ट पाहिली. खेड्यातून आलेले विद्यार्थी शिकून परत खेड्यात जात नाहीत, आणि खेड्यात प्रत्यक्ष मंडळ्या सांभाळणारे लोक घरदार सोडून सेमिनरीत येऊ शकत नाहीत. मग त्यांनी सेमिनरीच त्यांच्याकडे न्यायची ठरवली. आठवडाभर घरी वाचायचं, प्रश्न सोडवायचे, आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर शिक्षकासोबत बसायचं. यालाच पुढे विस्तार-शिक्षण म्हणू लागले. भारतातही १९७१ पासून बंगळुरूची 'टॅफ्टी' ही संस्था याच पद्धतीने काम करते आहे. सेरामपूरच्या सिनेटनेही नोकरी-धंदा करणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी 'बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज' सारखे बाह्य अभ्यासक्रम चालवले. कॅथलिक बांधवांकडे बघा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तिथे कायमस्वरूपी डीकनपद पुन्हा सुरू झालं. लग्न झालेला, नोकरी करणारा माणूस वयाची पस्तिशी पूर्ण झाल्यावर, बायकोच्या संमतीने, किमान तीन वर्षांच्या तयारीनंतर डीकन होऊ शकतो. मुंबई महाधर्मप्रांतात असे डीकन आहेत. बायकोची संमती लेखी नियमात आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पाचारण नवऱ्याला येतं आणि त्याचा खर्च बायको भरते, तिला कुणी विचारतही नाही.

मग अडतंय कुठे? विरोधात जे बोललं जातं त्यातला एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, तो आधी घेतो.

सेमिनरीत माणूस नुसता विषय शिकत नाही. सकाळच्या उपासनेला बसतो, मेसमध्ये ज्याचं पटत नाही त्याच्या शेजारी जेवतो, दुसऱ्या पंथाच्या, दुसऱ्या भाषेच्या मित्राशी रात्री वाद घालतो, शिक्षक त्याच्या चुका रोज बघतात. पाळकाचा स्वभाव तिथे घासला जातो. मोबाइलवर पीडीएफ वाचून हे होत नाही. अगदी बरोबर. म्हणूनच मी "सगळं ऑनलाइन करा" असं म्हणतच नाही. वर्षातून दोन वेळा, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, आठ-दहा दिवस कॅम्पसवर राहणं सक्तीचं ठेवा. दर महिन्याला एक शनिवार जिल्ह्याच्या ठिकाणी वर्ग. आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक अनुभवी पाळक, जो त्याचा संदेश ऐकेल, त्याच्यासोबत आजाऱ्याला भेटायला जाईल आणि लेखी अहवाल देईल. चार वर्षांचं शिक्षण सात-आठ वर्षांत होईल. होऊ दे. आणि एक गोष्ट विसरू नका: नोकरीवाल्या माणसाचा स्वभाव घासायला फक्त वसतिगृहच लागतं असं नाही. वीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात काम केलेल्या सिस्टरला सहनशीलता शिकवायला आपण कोण?

दुसरा विरोध उघड बोलला जात नाही. नोकरी करणारा, स्वतःच्या पगारावर जगणारा सेवक कमिटीच्या आणि साहेब लोकांच्या हातात राहत नाही. त्याची बदली करून त्याला सरळ करता येत नाही. काही पाळकांनाही वाटतं, हे फुकट काम करणारे आले तर आमच्या पगाराचं काय? ही भीती खोटी नाही, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. नियमच करावा की नोकरी करणारा सेवक पूर्णवेळ पाळकाची जागा घेणार नाही, तो त्याच्या सोबत, त्याच्या देखरेखीखाली आणि जिथे कुणीच नाही तिथे काम करेल. पण पगाराच्या भीतीपोटी लोकांना अशिक्षित ठेवणं, हा उपाय होऊ शकत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. आपण दार बंद ठेवलं की बाहेर दुकानं उघडतात. "सहा महिन्यांत बी.टीएच., एक वर्षात एम.डिव., डॉक्टरेट सन्मानपूर्वक" अशा जाहिराती तुमच्या व्हॉट्सॲपवर आल्या असतीलच. गाऊन, टोपी, हॉलमध्ये पदवीदान, फोटो. पैसे भरणारा माणूस मूर्ख नसतो, तो भुकेला असतो. खऱ्या संस्थेने त्याला "नोकरी सोड" सांगितलेलं असतं आणि या दुकानाने "या साहेब, बसा" म्हटलेलं असतं. मग त्याच्या नावापुढे 'डॉ.' लागतं, गावात फ्लेक्स लागतो, आणि मंडळीत खऱ्या शिकलेल्याची आणि विकत घेतलेल्याची किंमत एकच होऊन बसते.

म्हणून प्रवेश घेण्याआधी हे प्रश्न विचारा, फोनवर नको, लेखी:

१. पदवी देणार कोण? शिकवणारी संस्था आणि पदवी देणारी संस्था एकच असेलच असं नाही.

२. मान्यता कुणाची? आपल्या देशात यूजीसी कायदा, १९५६ प्रमाणे केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच 'पदवी' देता येते. सेरामपूरला तिचा स्वतंत्र कायदा आहे. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता ही ख्रिस्ती संस्थांनी आपसात दर्जा तपासण्याची पद्धत आहे. तिला मंडळ्यांमध्ये आणि सेमिनरींमध्ये किंमत आहे, पण ती यूजीसीची मान्यता नाही. दोन्हीतला फरक न सांगता कुणी "आंतरराष्ट्रीय मान्यता" एवढंच म्हणत असेल तर पाकीट खिशात ठेवा.

३. तुमचा बिशप किंवा तुमच्या पंथाचं कार्यालय ही पदवी दीक्षेसाठी धरतं का? हे पहिल्या वर्षाची फी भरण्याआधी विचारा. शिकून झाल्यावर "आमच्याकडे हे चालत नाही" ऐकलेली माणसं मी पाहिली आहेत.

४. पूर्वी शिकलेल्या दोघा-तिघांचे फोन नंबर मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

५. परीक्षा कधी, कुठे, कोणत्या भाषेत? शिक्षकाला मार्च-एप्रिलमध्ये स्वतःच्या शाळेच्या परीक्षा असतात, सिस्टरला नाइट ड्युटी बदलून मिळत नाही. चुकलेला पेपर पुन्हा देता येतो का, हा साधा प्रश्न चार वर्षं वाचवतो.

सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी एक जादा सूचना. शिकायला हरकत नसते, पण उच्च शिक्षणासाठी विभागाची परवानगी आधी घेऊन ठेवलेली बरी, आणि मंडळीकडून पगारासारखं मानधन घ्यायचं असेल तर परवानगीशिवाय मुळीच घेऊ नका. सेवा-नियम कडक आहेत आणि तक्रार करायला लोक टपलेले असतात.

भाषेबद्दल बोललंच पाहिजे. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, जी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. पोपची सेमिनरी १९५५ पासून पुण्यात आहे, ज्ञानदीप विद्यापीठ आहे. देशभरातून, परदेशातूनही लोक पुण्यात ईश्वरविज्ञान शिकायला येतात. पण पुण्यापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरचा मराठी शाळेत शिकलेला माणूस तिथल्या इंग्रजी पुस्तकापुढे अडखळतो. त्याला कळत नाही असं नाही, त्याला त्या भाषेत कळत नाही. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्रसारख्या संस्थेने मराठी मंडळ्यांसाठी केलेलं काम मोठं आहे, पण तो भार एकट्या संस्थेने किती उचलायचा? आपल्याकडे १८४२ पासून 'ज्ञानोदय' आहे, बाबा पदमनजींपासून टिळकांपर्यंत मराठीत ख्रिस्ती लेखनाची परंपरा आहे. तरीही आज मराठीत चांगलं बायबल-भाष्य हवं असेल तर जुनी पुस्तकं शोधत फिरावं लागतं. नोकरी करणारा विद्यार्थी रात्री दहाला वाचायला बसतो. त्या वेळी शब्दकोश उघडून एकेक परिच्छेद सोडवायचा, की अर्थावर विचार करायचा?

माझी मागणी फार मोठी नाही. धर्मप्रांताच्या पुढच्या सभेत एवढे चार ठराव तरी चर्चेला घ्या:

एक, नोकरी करणाऱ्यांसाठी मान्य अभ्यासक्रम कोणते, याची यादी मराठीत प्रसिद्ध करा आणि त्या शिक्षणाने पुढे काय मिळेल, वाचक, सहायक सेवक की दीक्षा, हे स्पष्ट लिहा.

दोन, दर जिल्ह्यात एक अभ्यासकेंद्र. नवीन इमारत नको. मिशन शाळांच्या खोल्या शनिवार दुपारनंतर रिकाम्याच असतात.

तीन, दरवर्षी मराठीत दोन तरी पाठ्यपुस्तकं. जुबिलीच्या मंडपाचा आणि जेवणावळीचा खर्च एका वर्षी निम्मा केला तरी छपाईचे पैसे निघतील.

चार, बायकांसाठी जागा आणि फीमध्ये सवलत. सी.एन.आय.मध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, हे कागदावर ठीक आहे. पण महिला मंडळ चालवणाऱ्या, संडे स्कूल सांभाळणाऱ्या बाईला घर, नोकरी आणि अभ्यास तिन्ही जमावं म्हणून आपण काय केलंय?

आणि जे शिकू इच्छितात त्यांना एकच सांगतो. घरच्यांना आधी विचारा आणि त्यांचं उत्तर खरंच ऐका. आठवड्याला सात-आठ तास कुठून काढणार ते कागदावर लिहा, "जमेल तसं" म्हणू नका. पदवी मिळाल्यावर मंडळी तुम्हाला डोक्यावर घेईल अशी अपेक्षा ठेवू नका. कदाचित तेव्हाही तुम्ही तीच प्रार्थनासभा घ्याल आणि त्याच आजाऱ्यांना भेटायला जाल. फरक एवढाच की इयोबावर बोलताना त्या आईपुढे काय बोलायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. तेवढ्यासाठी आठ वर्षं गेली तरी मी ती वाया गेली म्हणणार नाही.

तुमच्या मंडळीत असं कुणी नोकरी सांभाळून शिकत असेल, तर त्याला काय अडचणी आल्या ते खाली लिहा. पाळकसाहेबांनीही लिहावं, विरोधात असलं तरी चालेल. फक्त "पाचारण असेल तर सोडून या" हे एक वाक्य सोडून काहीतरी लिहा.

जय ख्रिस्त.